पेशी म्हाताऱ्या का होतात? आणि ६,८०० रुपयांचा डबा

राजहंसगड_पायथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, पण इथं शिकलेली बरीच माणसं आहेत म्हणून टाकतोय.

मागच्या आठवड्यात वहिनीच्या भावानं एका मंगल कार्यालयात बोलावलं. जेवण आहे म्हणाला. जेवण होतं, नाही असं नाही, पण त्याआधी दीड तास पडद्यावर डीएनएची शिडी गरागरा फिरत होती. कोट घातलेला एक तरुण सांगत होता की प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला टेलोमेअर नावाची टोपी असते, ती झिजली की माणूस म्हातारा, आणि त्यांची पावडर ती टोपी परत वाढवते. नोबेल मिळालंय म्हणे ह्याला. डबा ६,८०० रुपये. तीन घेतले की तुम्ही मेंबर, आणि मग पुढच्या रविवारी तुम्ही पण कोट घालायचा.

आमच्या धाकट्यानं एक डबा घेतला, आज्जीसाठी. आज्जी ९३ ची. येळ्ळूरच्या चिखलात पन्नास वर्षं भाताची लावण केलेली बाई. तिनं चिमूटभर जिभेवर ठेवली आणि विचारलं, "ह्यात दुधाची पावडर हाय व्हय रं?"

सगळंच खोटं असतं तर धाकट्याला झापून मोकळा झालो असतो. पण टेलोमेअर शोधून बघितलं तर ते खरंच आहे, नोबेलही खरंच आहे. मग गाडी खोट्याकडं कुठं वळली, हे कुणी सांगेल काय?

---

काचपट्टी

धागा बघितला आणि पेन्शनीतला हात शिवशिवला. ३१ वर्षं प्राणीशास्त्र शिकवलंय, तेव्हा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

सुरुवात कोंबडीपासून करते. १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्सिस कॅरल ह्यांनी कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा तुकडा काचेच्या बशीत वाढवायला घेतला. त्या पेशी वाढतच राहिल्या, कॅरल वारले तरी चालूच, १९४६ पर्यंत. माणूस मरतो, पण पेशी एकटी ठेवली तर अमर असते, हे मग सगळ्यांनी धरूनच टाकलं. कॅरल स्वतः नोबेलवाले, त्यांना कोण विचारणार?

१९६१ साली फिलाडेल्फियात लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड ह्यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी साधारण पन्नास वेळा दुभंगतात आणि थांबतात. मरत नाहीत, नुसत्या थांबतात. लोक म्हणाले, तुमचं पेशी सांभाळायचं तंत्र चुकतंय. ह्यावर हेफ्लिकनी जे केलं ते मी दरवर्षी वर्गात सांगायची. पुरुषाच्या पुष्कळ वेळा दुभंगलेल्या पेशी आणि बाईच्या ताज्या पेशी एकाच बाटलीत घातल्या. पाणी तेच, खाणं तेच, हात तोच. काही दिवसांनी बाटलीत नुसत्या बाईच्या पेशी उरल्या. म्हणजे दोष तंत्राचा नव्हे, मोजदाद पेशीच्या आतच आहे. ह्याच पेशी गोठवून ठेवून पुढं कधी काढल्या तरी जिथं मोजणी थांबली होती तिथूनच पुढं मोजतात! (कॅरलच्या बशीत खाद्य म्हणून गर्भाचा अर्क घालायचे, त्यातून दरवेळी ताज्या पेशी जात असाव्यात, असं आता मानतात.)

ही मोजणी कशावर चालते, ह्याचं उत्तर टेलोमेअर. डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेला दोरीचं अगदी शेवटचं टोक उतरवता येत नाही, दरवेळी थोडं राहून जातं. रशियाच्या अलेक्सेई ओलोव्निकोव ह्यांनी १९७१ सालीच हे तर्कानं मांडलं होतं. म्हणून टोकाला टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरं हजारो वेळा लिहिलेली असतात. अर्थ काही नाही, झिजायला म्हणून ठेवलेली. दर दुभंगाला पन्नास ते दोनशे अक्षरं जातात. एलिझाबेथ ब्लॅकबर्न ह्यांनी डबक्यातल्या एका एकपेशीय जिवात ही टोकं वाचली, आणि १९८४ च्या नाताळच्या दिवशी त्यांची विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर हिला टोक परत वाढवणाऱ्या विकराची (एन्झाइमची), टेलोमरेजची, पहिली खूण दिसली. २००९ चं नोबेल ह्या दोघींना आणि जॅक शोस्टाक ह्यांना.

इथवर कोटवाला खरं बोललाय. वळण पुढं आहे, उद्या लिहिते. डोळे दुखायला लागले.

---

वडगावची_अक्का

मॅडम, वाचतेय. मी नर्स आहे, उद्याची वाट बघते.

---

पेशीमित्र_८८

इथं सगळी पुस्तकी चर्चा चाललीय. माझ्या सासऱ्यांची गुडघेदुखी ह्याच पावडरनं १५ दिवसांत कमी झाली. अनुभव घ्या, मग बोला. ज्यांना मार्ग बदलायचाय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

---

निपाणीचा_नाना

भावा, गुडघा आणि गुणसूत्र ह्यात कितीचं अंतर हाय? माझा गुडघा तर नुसता पाऊस उघडला की बरा होतोय.

---

काचपट्टी

पेशीमित्र, सासऱ्यांना आराम पडला हे चांगलंच झालं. पण आता ते वळण.

एक, उंदीर. प्रयोगशाळेतल्या उंदराची टेलोमेअर आपल्यापेक्षा कितीतरी पट लांब असतात आणि उंदीर जगतो दोन-तीन वर्षं. टोपीच्या लांबीवर आयुष्य ठरत असतं तर आज बेळगावच्या खडेबाजारात उंदीर दुकानं चालवत असते.

दोन, आणि हे महत्त्वाचं. टेलोमरेज चालू ठेवायची सोय आपल्या पेशींजवळ आहे, जनुक प्रत्येक पेशीत आहे. शरीरानं ते बहुतेक ठिकाणी मुद्दाम बंद करून ठेवलंय. का? कारण ज्या पेशीला थांबणं माहीत नाही, तिचं नाव गाठ. दहातल्या जवळजवळ नऊ कर्करोगांत हे बंद जनुक परत चालू झालेलं सापडतं. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स ह्या बाईंच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून काढलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतायत. कोंबडीवाल्या अलेक्सिस कॅरलला हवी होती ती अमर पेशी सापडली, पण ती कर्करोगाची. जन्मतःच लांब टेलोमेअर मिळालेल्या माणसांत काही कर्करोग जास्त दिसतात. पन्नास दुभंगांची मर्यादा म्हणजे बिघाड नव्हे, ब्रेक आहे. म्हातारपण हा त्या ब्रेकचा खर्च.

तेव्हा पावडर काम करत नसेल तर ६,८०० गेले. खरंच करत असेल, तर मी ती आज्जीच्या जवळपास ठेवणार नाही.

---

खोडवा

मॅडम, मी चिकोडीकडचा ऊसवाला. एक शंका. आम्ही ८६०३२ ऊस लावतो. कोईमतूरला काढलेलं वाण, चाळीस वर्षं होत आली. बी नाही, कांडीच तोडून लावायची. म्हणजे पहिल्या दिवसापासून तोच एक ऊस दुभंगत आलाय की. पन्नास वेळा कधीच झालं असंल. तो का थांबत नाही?

आणि दुसरं, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेलं पीक) उतरतो, निडवा (त्याच्या पुढचं पीक) त्याहून उतरतो. ते म्हातारपण नाही काय?

---

काचपट्टी

खोडवा, तुमच्यासारखा एक जरी विद्यार्थी बाकावर असता तरी वर्ग रंगला असता.

उसाच्या डोळ्यात आणि शेंड्यात वाढीच्या पेशी असतात, त्यांच्यात टेलोमरेज चालू असतं. झाडात पेशी जागच्या जागी भिंतीत चिणलेल्या असतात, गाठ झाली तरी ती आपल्यासारखी अंगभर पसरत नाही, म्हणून त्याला ही चैन परवडते. खोडवा उतरतो तो जमीन दाबली जाते, नांगे पडतात, हुमणीची अळी आणि गवताळ वाढीचा रोग साठत जातो म्हणून. ऊस म्हातारा होत नाही, शेत आजारी पडतं. म्हणून तर शेंड्याचा कोंब घेऊन ऊतिसंवर्धनानं (टिश्यू कल्चरनं) बेणं स्वच्छ करून घेतलं की तेच जुनं वाण परत जोर धरतं.

आपल्यातही एक अशी कांडी आहे. तुम्ही ज्या बीजपेशीपासून झालात ती तुमच्या आईच्या अंगात कधी तयार झाली? आई स्वतः तिच्या आईच्या पोटात असताना. म्हणजे तुमची पहिली पेशी आईकडच्या आज्जीच्या पोटात काही महिने राहून आलेली आहे. जन्मापर्यंत ती पंचवीस-तीस वर्षांची जुनी, आणि बाळ मात्र शून्य वर्षांचं. कुठंतरी घड्याळ परत फिरवलं जातं. २००६ साली जपानच्या शिन्या यामानाका ह्यांनी फक्त चार जनुकं वापरून उंदराच्या साध्या पेशीचं घड्याळ असंच मागं नेलं, २०१२ साली नोबेल. मग हेच जिवंत उंदराच्या अंगात करून बघितलं, तर अंगभर गाठी. परत तोच ब्रेक, बघा. आता थोडंसंच फिरवून थांबायचं जमतंय का, ह्यावर जगात मोठा पैसा लागलाय.

---

राजहंसगड_पायथा

पण मॅडम, निसर्गानं दुरुस्ती अर्धवट का सोडली? उसाला जमतं ते आम्हाला का नाही?

---

काचपट्टी

थॉमस कर्कवूड ह्यांनी १९७७ साली ह्याचा हिशेब मांडला. मी आपल्या भाषेत सांगते. खंडानं घेतलेल्या शेतात कोण विहीर खोदतं? शेतातला उंदीर घुबड नाहीतर मांजर वर्षभरात उचलतंच. दहा वर्षं टिकेल असं शरीर बांधण्यात त्यानं अन्न घालवलं तर पिल्लांना काय उरणार? ज्याला खाणारं कुणी नाही त्यानं दुरुस्तीत जास्त घातलेलं दिसतं. उंदराएवढंच वटवाघूळ, पण उडून सुटतं, म्हणून काही जातींत तीस वर्षांच्या पुढं जातं. हत्तीकडं तर बिघडलेली पेशी ओळखून तिला मारणाऱ्या पी५३ ह्या जनुकाच्या वीस प्रती आहेत, आपल्याकडं एक. आपल्या खानापूरच्या रानात हत्ती आला की सगळे पिकाचं बघतात. मला ते वीस आठवतात.

---

वडगावची_अक्का

मॅडम, त्या 'थांबलेल्या' पेशींचं पुढं काय होतं? नुसत्या बसून राहतात? वॉर्डात म्हाताऱ्या पेशंटची जखम भरायला तिप्पट दिवस लागतात, म्हणून विचारते.

---

काचपट्टी

बसून राहतात आणि कुरकुर करतात. सासूबाईंसारख्या, असं मी वर्गात म्हणायची. आता मीच सासू झाल्यापासून म्हणत नाही. ह्या पेशी दाह वाढवणारे रेणू सतत सोडतात, त्यानं शेजारच्या चांगल्या पेशीही बिघडतात. ज्यूडिथ कँपिसी ह्यांच्या गटानं २००८ साली हा स्राव नीट उलगडला. २०११ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये उंदरांच्या अंगातून अशा पेशी नेमक्या वेचून मारल्या, तर लवकर म्हाताऱ्या होणाऱ्या त्या जातीच्या उंदरांत मोतीबिंदू आणि स्नायूंची झीज लांबली.

पण तुमच्या जखमेत एक मेख आहे. ताज्या जखमेत ह्याच पेशी काही दिवसांसाठी तयार होतात आणि भरून यायला मदत करतात. आल्या आणि गेल्या तर उपयोगाच्या, मुक्काम ठोकला तर त्रासाच्या. म्हणून 'सगळ्या मारून टाका' म्हणता येत नाही.

---

गोळीवाला_शहापूर

औषधाचं दुकान आहे, म्हणून पुढचं मी सांगतो. त्या पेशी मारायला माणसांवर जी जोडी वापरून बघतायत त्यातलं एक औषध रक्ताच्या कर्करोगाचं, डॅसॅटिनिब. दुसरं क्वेर्सेटिन, जे कांद्यात असतं. आता 'कांदा खा, तरुण राहा' असा संदेश फिरायच्या आत हिशेब सांगतो: फुप्फुसाच्या एका आजारावर १४ रुग्णांत जी पहिली चाचणी झाली तिच्यात दिवसाला १,२५० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन होतं. कांद्यातून तेवढं घ्यायचं तर रोज पाचेक किलो. भाकरीबरोबर खाऊन दाखवा.

खरी गोष्ट मला आवडते ती रॅपामायसिनची. १९६४ साली कॅनडाची एक तुकडी ईस्टर बेटावर गेली, तिथली माती घेऊन आली. मॉन्ट्रियलच्या एका औषध कंपनीत सुरेंद्रनाथ सेहगल ह्या आपल्या माणसानं त्या मातीतल्या जिवाणूतून एक बुरशीनाशक काढलं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून रॅपामायसिन. पुढं कंपनीनं ती प्रयोगशाळा बंद केली, काम गुंडाळलं. सेहगलनी थोडा माल घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला आणि अमेरिकेला बदली झाली तेव्हा बर्फात घालून बरोबर नेला. काही वर्षांनी कंपनीला परत गळ घातली. १९९९ साली ते मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी मंजूर झालं. सेहगल २००३ साली गेले. २००९ साली कळलं की ६०० दिवसांच्या, म्हणजे आपल्या हिशेबानं साठीच्या उंदरांना ते दिलं तर माद्या १४ टक्के आणि नर ९ टक्के जास्त जगतात. हे बघायला ते नव्हते.

आणि हो, ते प्रतिकारशक्ती दाबतं. 'वय कमी करायची गोळी' म्हणून मागायला माझ्या काउंटरवर येऊ नये. दोघे येऊन गेलेत.

---

खोडवा

ते औषध करतंय काय पण आत?

---

काचपट्टी

पेशीत टॉर नावाचा एक मुकादम असतो. अन्न भरपूर आहे असं कळलं की तो 'बांधा, वाढा' म्हणतो. अन्न तुटलं की बांधकाम थांबतं आणि पेशी आपलाच जुना मोडका माल मोडून परत वापरते. त्या मोडणीची यंत्रणा योशिनोरी ओसुमी ह्यांनी यीस्टमध्ये उलगडली, २०१६ चं नोबेल. रॅपामायसिन त्या मुकादमाचं तोंड धरतं.

---

खोडवा

म्हणजे साखर कारखाना. गळीत चालू असताना बॉयलर कोण उघडत नाही. हंगाम संपला की मेंटेनन्स. आणि आपण बारमाही गाळप धरलंय. सकाळी चहा-खारी, दहाला पोहे, दुपारी ताट, पाचला परत भजी.

---

काचपट्टी

बरोब्बर. हे मी ३१ वर्षांत इतकं सोपं सांगितलं नाही.

---

मार्कंडेय_काठ

धागा आजच वाचूलालोय, झकास. मग आमची एकादशी शास्त्रीयच की! वारकरी घर आमचं, वर्षाला २४.

---

काचपट्टी

एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलंय. साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा लाडू, म्हणजे मुकादम उलट खूश. निर्जळा करणाऱ्यांचं वेगळं, पण माणसाच्या अंगात मोडणी किती तासांनी किती वाढते हे रक्तातून सरळ मोजता येईल अशी रोजची तपासणीच नाही. त्यामुळं '१६ तासांनी सुरू होते' असं घड्याळ लावून सांगणाऱ्यांपासून सावध.

कमी खाण्याचं मूळ १९३५ चं, कॉर्नेलमधले क्लाइव्ह मकेय आणि उंदीर. माकडांवर दोन मोठे प्रयोग झाले, दोन्ही वीस वर्षांच्या वर चालले. एकात कमी खाणारी माकडं जास्त जगली, दुसऱ्यात नाही. भांडण लागलं. नंतर ताटं तपासली, तर पहिल्या ठिकाणच्या माकडांच्या खाण्यात चौथाईहून जास्त साखर होती, दुसरीकडं चारेक टक्के. म्हणजे पहिल्या ठिकाणी उपासाचा फायदा किती आणि साखर टळल्याचा किती?

---

निपाणीचा_नाना

चिकोडीकडच्यांनी हे वाचलं नाही असं समजा. बरं, ते फ्री रॅडिकल आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या? आमच्या हिला पोरगं पाठवतंय पुण्याहून.

---

गोळीवाला_शहापूर

डेनहॅम हार्मन, १९५६. पेशी श्वास घेते तेव्हा ठिणग्या उडतात आणि त्यानं आतलं जळतं, असा सिद्धांत. ठिणग्या खऱ्या आहेत. पण गोळ्यांनी विझवायला गेले तेव्हा काय झालं ते निपाणीकरांनी मुद्दाम ऐकावं: फिनलंडमध्ये २९ हजार सिगारेटवाल्या पुरुषांवर चाचणी, १९९४ चा निकाल. बीटा कॅरोटिनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. कमी नाही, जास्त. नाना, तुम्ही तंबाखूच्या वखारीत होता ना? वहिनींच्या गोळ्या चुकून घेऊ नका. गाजर खा.

---

निपाणीचा_नाना

विडी सोडून १२ वर्षं झाली ओ. पण बरं झालं सांगितलंसा.

---

राजहंसगड_पायथा

आज्जीला मोतीबिंदू निघालाय, परवा कळलं. तिचं म्हणणं, "सगळं चहासारखं पिवळं दिसतंय." हे पण पेशीचं म्हातारपण काय?

---

काचपट्टी

हे पेशीपेक्षा जास्त मालाचं. बेळगावकराला ह्यासाठी दुसरं उदाहरण लागणार नाही: कुंदा. दूध आणि साखर तासन्‌तास आटवली की तो तपकिरी रंग आणि खमंग वास कुठून येतो? साखर प्रथिनाला चिकटते आणि पुढं रंगीत साखळ्या बनतात. १९१२ साली लुई मायार ह्यांनी ही क्रिया सांगितली. कढईत तासाभरात होतं ते अंगात ३७ अंशांवर मंद आचेवर आयुष्यभर चालतं. रक्तातल्या लाल पेशी १२० दिवसांत बदलतात, म्हणून तिथं तीन महिन्यांचाच कुंदा सापडतो. मधुमेहाची तिमाही तपासणी नेमकं तेच मोजते. डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं मात्र जन्माआधीची, कधीच बदलली जात नाहीत. आज्जीच्या भिंगात ९३ वर्षं आटलेलं आहे. ते पिवळं दिसणारच.

आणि इथं मात्र उपाय आहे. भिंग काढून नवं बसवायचं, अर्ध्या तासाचं काम. तो डबा घेण्याआधी डोळे तपासले असते तर बरं, पण असू द्या.

---

वडगावची_अक्का

दादा, शस्त्रक्रिया लांबवू नका. म्हाताऱ्या माणसाला नीट दिसलं नाही की ती पडतात, आणि खुब्याचं हाड मोडलं की मग अंथरूण. वॉर्डात रोज बघते. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्या आधी.

---

मार्कंडेय_काठ

अवांतर: ते 'जैविक वय' सांगणारी रक्ततपासणी खरी की काय? एका भाच्यानं करून घेतली, ४१ चा असून ३६ आलं म्हणून पेढे वाटूलालाय.

---

काचपट्टी

पाया खरा आहे. स्टीव्ह हॉरवाथ ह्यांनी २०१३ साली डीएनएवरच्या ३५३ जागांच्या रासायनिक खुणा मोजून वय काढलं, ते मोठ्या गटात छान जुळतं. एकट्या माणसाला मात्र आज एक आणि पुढच्या महिन्यात दुसरा आकडा येऊ शकतो. पेढे खा, आकडा सोडा. आणि भाचा विडी ओढत असेल तर त्याचीही खूण त्याच डीएनएवर दिसते, त्याला सांगा.

---

राजहंसगड_पायथा

मंडळी, आभार. आज्जीच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढल्यावर पहिलं वाक्य, "घर एवढं कळकट ठेवलंयसा व्हय?" तेव्हापासून सूनबाया भिंती पुसतायत.

डबा परत घेईनात, फोडलेला आहे म्हणे. धाकट्यानं उरलेली पावडर म्हशीच्या आंबोणात घातली.

---

खोडवा

म्हशीच्या टोप्या मोजून कळवा.

---

निपाणीचा_नाना

दूध वाढलं तर मला मेंबर करा.